दोन हेडांचं इंजिन

"पान्याला पाईप लावायला कुणी सांगितलं होतं तुला? बिडाच्या हेडावर पाईप? ट्रकचं चाक आवळत होतास का रे?"

ताईचा आवाज लेथच्या वर चढला होता, यावरून काय ते समजा. लोखंड कातायचा ताईचा लेथ चालू असला की वर्कशॉपातली माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची. आणि आज तिचं एकेक अक्षर गल्लीच्या टोकाला पोचत होतं. तिच्यासमोर भडका उभा. हातात पाना, पान्याला तो पाईप अजून तसाच अडकवलेला, आणि चेहरा असा की कुणी नुसतं 'काय रे' म्हटलं तरी चावेल.

"नसतं आवळलं तर पाणी गळलं असतं," तो म्हणाला.

"बरोबर. आता नाही गळणार. गळायला हेड राहिलंय कुठे?"

भडका हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आईसुद्धा फक्त आजारपणात घ्यायची. घरातला धाकटा. लोकांच्या नाकावर राग असतो, याचा नाकाच्याही दोन बोटं पुढे चालायचा. ताई लेथवर, हा इंजिनं खोलायला-बांधायला, आणि त्यांचं वर्कशॉप पेट्रोलवर नाही, भावाबहिणीच्या भांडणावर चालतं असं गिऱ्हाइकं म्हणायची. पण आजचं भांडण गिऱ्हाइकाच्या गाडीवरून नव्हतं. घरच्या गाडीचं हेड गेलं होतं.

घरची गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. बाबांनी ती घेतली तेव्हा ताई जन्माला यायची होती. लांबलचक नाक, बटबटीत दिवे, चाकांवर झोकात वळलेले मडगार्ड, आणि बॉनेट उघडलं की आत नुसती पोकळी. इंजिन वेगळं आलं होतं, खोक्यांतून, तेही अर्धं. जे आलं होतं त्यातलं निम्मं गंजलेलं. बाबा बस चालवायचे. आठवडाभर दुसऱ्याचं इंजिन हाकायचं आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या इंजिनाचे तुकडे शोधत जुने बाजार पालथे घालायचे, असं त्यांचं आयुष्य गेलं. एक पिस्टन इथे, दोन झडपा तिथे. कॅमशाफ्ट तर कुणाच्या तरी घरात पडद्याची दांडी म्हणून टांगलेली सापडली. बाबांनी त्या लोकांना नवी दांडी बसवून दिली आणि ती काढून आणली. आई म्हणायची, यापेक्षा सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासू लागली असती.

आणि सगळ्यात अजब गोष्ट ही, की ते इंजिन चालू असताना घरातल्या कुणीही कधी ऐकलेलं नव्हतं. बाबांनीसुद्धा नाही. गाडी घेतली तीच मुकी. लहानपणी ताई आणि भडका त्या गाडीत बसून तोंडाने आवाज काढायचे. ताईचा वाघासारखा, भडक्याचा विमानासारखा. बाबा म्हणायचे, दोन्ही चूक. मग बरोबर कुठला, असं विचारलं की बाबा दिवे पुसायला लागायचे, कारण त्यांना तरी कुठे माहीत होतं.

शेवटी सगळे तुकडे जमले. भडक्याने इंजिन बांधायला घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा काहीतरी घाई न करता केलं. राहता राहिलं हेड. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. खाली पिस्टन वरखाली नाचतात, आग होते, धडाके होतात, आणि ते सगळं दाबून ठेवायला वर हे बिडाचं जाडजूड झाकण. त्याच्या पोटातून पाणी फिरायला पोकळ वाटा. ते बसवताना सगळे नट थोडे थोडे आवळायचे असतात, मधल्यापासून सुरुवात करून कडेला जात, फेऱ्या करत. भडक्याला हे माहीत नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना तो तसंच करायचा. पण एक कोपरा काही बसेना. नट हट्टाला पेटला, भडका त्याहून जास्त, आणि नटाला धडा शिकवायचा म्हणून त्याने पान्याच्या दांड्यात पाईप घालून जोर दुप्पट केला. काड् असा आवाज झाला. त्या इंजिनाने आजवर काढलेला तेवढा एकच आवाज.

बाबा आले, वाकले, चिरेवरून अंगठा फिरवला. हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते. ताईने घातलेल्या शिव्या भडक्याने उलट शिव्या घालून परत केल्या असत्या, पण नळाखाली उभ्या असलेल्या बाबांच्या पाठीचं काय करायचं ते त्याला कळेना.

ताईने हेड उलटं करून दिव्यासमोर धरलं, चिमट्याने आत टोकरलं. पाण्याच्या वाटा गंजाने खाऊन पापुद्र्यासारख्या झालेल्या. वेल्डिंगची ज्योत लावली तर चाळण होईल, ती म्हणाली, आणि कुणी म्हणालं तसंच दुसरं ओतून घेऊ, तर आतली मूळ वाट कशी होती ते सांगायला आत काही शिल्लकच नाही. मग तिने लेथ बंद केला. ती लेथ बंद करून बोलते तेव्हा ते शेवटचं असतं. "अख्खं हेड घेऊन ये. तोवर मी त्या इंजिनाकडे बघणारसुद्धा नाही. फोडलंस तू, शोध तू."

मग काय, निघाला भडका. फुटलेल्या हेडाचा तुटून आलेला कोपरा फडक्यात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत घातला, म्हणजे समोरच्याला दाखवायला बरं.

जुन्या मालाच्या बाजारात प्रत्येक दुकानदाराकडे ते हेड होतंच. अगदी तेच. आत जाऊन काढून आणेपर्यंत ते दुसऱ्याच गाडीचं झालेलं असायचं. एकाने तर शिवणयंत्राचा पाय आणून दाखवला आणि जरा घासलं तर बसेल म्हणाला. त्याच्याशी झालेल्या भांडणात बाजारातली निम्मी माणसं गोळा झाली. पुढे एका शौकिनाचा पत्ता मिळाला, ज्याच्याकडे जुन्या गाड्या काचेमागे ठेवल्या होत्या, दागिन्यांसारख्या. त्याच्याकडे त्याच बनावटीची एक होती. पण तिच्या बॉनेटखाली हल्लीचं इंजिन घातलेलं. मूळ कुठे गेलं विचारलं तर शौकीन म्हणाला, आवाज फार करेल असं वाटलं म्हणून भंगारात दिलं. भडक्याने त्याला काय सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पहारेकऱ्याने त्याला फाटकापर्यंत पोचवलं, एवढं पुरे.

पण भंगारवाला कोण, ते तेवढ्यात कळलं होतं. त्याला सगळे गंजू म्हणायचे. केस, भुवया, हाताच्या रेषा, सगळं गंजाच्या रंगाचं. हा माणूस पावसात उभा राहिला तर विरघळेल असं वाटावं. शौकिनाचं इंजिन त्याने केव्हाच वितळायला पाठवलं होतं. मात्र भडक्याने फडक्यातला तुकडा काढून दिला तेव्हा त्याने तो हातात घोळवला, तळव्यावर तोलला, आणि म्हणाला की तू गाडीवाल्यांकडे शोधतोयस हीच चूक. ज्यांनी ही गाडी बनवली ते त्या काळी हेच इंजिन उघडंबोडकंही विकायचे. पंपाला, करवतीला, कशालाही. ज्यांना हे गाडीचं आहे हेच माहीत नाही, त्यांच्याकडे जा. मग डोकं खाजवून त्याने डोंगराकडच्या एका लाकडाच्या वखारीचा पत्ता सांगितला. तिथे असलं एक धूड होतं म्हणे. आता मेलं असेल. आणि मेलं असेल तरच तुझा उपयोग, असं म्हणून गंजू दात काढून हसला.

बसमध्ये सगळी वाट भडका मनातल्या मनात एकच घोकत होता, मेलेलं असू दे, मेलेलं असू दे. इतक्या मनापासून त्याने कुणाचं वाईट कधी चिंतलं नव्हतं, शौकिनाचंसुद्धा नाही.

वखार रस्त्याच्या वळणावरच होती. ओल्या लाकडाचा वास आधी आला, मग ओंडक्यांच्या राशी दिसल्या. पायाखाली भुसा इतका की पावलं वाजतच नव्हती. उघड्या शेडमध्ये मोठी गोल करवत फिरत होती, दोघं जण तिला ओंडका भरवत होते, आणि करवतीचा पट्टा भिंतीतल्या फटीतून मागच्या खोलीत जात होता. करवतीची किंकाळी सोडली तर दुसरा आवाज नाही. भडक्याने ताडलं, विजेची मोटर. म्हणजे जुनं धूड नक्की कोपऱ्यात पडलेलं असणार. त्याचा जीव हरखला.

वखारवाली त्याच्या आईच्या वयाची होती. कानामागे खडू, केसांत भुसा, आणि बोलताना नजर समोरच्या माणसावर नाही, ओंडक्यावर. भडक्याने सांगितलं, तुमचं जुनं बंद पडलेलं इंजिन बघायला आलोय. तिने ओंडक्यावर खडूची रेघ ओढली. "बंद पडलेलं? मागच्या खोलीत आहे. जाऊन बघ. आणि आत गेल्यावर दार लाव, मांजर बाहेर येतं."

भडका आत गेला आणि दार लावलं.

आधी त्याला दिसल्या दोरीवर वाळत घातलेल्या दोन चादरी. त्यांच्यापलीकडे फळीवर मांजर झोपलेलं, पोट वर करून. आणि फळीखाली, लाकडी ओंडक्यांच्या बैठकीवर, ते. काळं, तेलकट, लांबोडं. ज्याच्या अंगाचा प्रत्येक उंचवटा भडक्याच्या बोटांना पाठ होता, तेच. पंख्याचं चाक फिरून फिरून नुसतं धुकं झालेलं, आणि चाकावरून पट्टा भिंतीतून बाहेर, करवतीकडे.

मोटर वगैरे काही नव्हतीच. ते चालू होतं.

भडका जिथे होता तिथेच थांबला. त्याने लहानपणी काढलेलं विमान आठवा, ताईचा वाघ आठवा. यातलं काहीच नव्हतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच पुटपुटत वाचत बसावं, तसा आवाज. खोल, सावकाश, एकसारखा. दारातून ऐकू येत नव्हता याचं कारण तो लहान होता असं नाही, त्याला ओरडायची गरजच नव्हती. बाहेर करवतीला नवा ओंडका भिडला. भडक्याला वाटलं आता इंजिन किंचाळेल, कण्हेल. त्याने फक्त खांदा जरा खाली घातल्यासारखं केलं, आवाज अर्धा सूर उतरला, ओंडका कापून झाला आणि पुन्हा पुटपुट जिथे सोडली होती तिथून सुरू. मांजराने कूस बदलली.

आता भडक्याची नजर म्हणजे नजर. रागात असला तरी त्याला सुईचं भोक दिसायचं. हेडावर भुशाचा पिठासारखा थर बसला होता आणि प्रत्येक नटाभोवती तो थर बारीक बारीक गोल वलयांनी थरथरत होता, पाण्यात खडा टाकावा तसा. नटांचे कोपरे धारदार होते. इतक्या वर्षांत एकाही नटावरून पाना घसरलेला नव्हता. एकदासुद्धा. कुठे तेलाचा ओघळ नाही, कुठे पाण्याचा थेंब नाही. त्याने हात पुढे केला आणि तळवा हेडाच्या कडेवर ठेवला. गरम होतं, पण चटका बसेल असं नाही. आपण जन्मल्यापासून घरात एक माणूस आहे, रोज दिसतो, पण मुका आहे. आणि एक दिवस परक्या गावात त्याचा भाऊ भेटतो आणि साध्या सरळ आवाजात बोलतो. तेव्हा कळतं, आपला बोलला असता तर असा बोलला असता. भडका पालथ्या घातलेल्या एका खोक्यावर बसला. रागवायला काही शोधावं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं, पण त्या खोलीत रागवण्यासारखं काही नव्हतंच.

वखारवाली कधी आत आली ते त्याला कळलं नाही.

"काय, मेलंय का?" तिने विचारलं.

"काकू," भडका म्हणाला, आणि पुढे त्याला शब्दच सुचेना, जे घरच्यांनी ऐकलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

मग त्याने सांगितलं. गाडी, बाबा, खोकी, पडद्याची दांडी, सगळं. हेड कसं फुटलं तेवढं मात्र गाळलं. वखारवालीने ऐकून घेतलं आणि तिला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की हे इंजिन कुठल्यातरी गाडीतही बसतं. तिला वाटायचं, हे करवतीसाठीच जन्माला आलंय. तिच्या लग्नाच्याही आधीपासूनचं. सासू चालवायची, सासूने हिला शिकवलं. आणि ते इतकी वर्षं टिकलं कसं, असं भडक्याने विचारलं तेव्हा ती कोपऱ्यातल्या लाकडी पेटीकडे गेली आणि झाकण उघडलं.

पेटीत तेलाने चिंब फडकी होती. तिने ती बाजूला केली. खाली एक हेड होतं. अख्खं. घासून पुसून, आरशासारखं सपाट.

"एक सासरी, एक माहेरी," वखारवाली म्हणाली. इंजिन आलं तेव्हा बरोबर एक हेड जास्तीचं आलं होतं. सासूने ते माळ्यावर टाकलं नाही. ती म्हणायची, दिवसभर डोक्यावर आग घेणाऱ्याला कधीतरी माहेरी धाडायला नको का. एका मोसमात एक हेड इंजिनावर, दुसरं पेटीत. कामावरून उतरलं की त्याची काजळी खरवडायची, वाटांतला गाळ काढायचा, तेलात निजवायचं. पुढच्या मोसमात अदलाबदल. तिची सासू गेली, पण हा नेम मोडला नाही. आणि आज तोच दिवस होता. मोसम संपला होता, बाहेर करवतीवर होता तो शेवटचा ओंडका. इंजिन गार झालं की हेड बदलायचं.

भडक्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्याला फक्त दोन हेडं दिसत होती, आणि घरी शून्य. त्याने एक मागितलं. वखारवाली नाही म्हणाली. त्याने पुन्हा मागितलं. ती पुन्हा नाही म्हणाली, आधीपेक्षा मऊ आवाजात, आणि तेच त्याला झोंबलं. मग व्हायचं तेच झालं. इतका वेळ कुठे दडून बसला होता तो राग, धाडकन वर आला. तुम्हाला माणसं कळत नाहीत, तुम्ही लोखंडाला माहेर देता आणि एका म्हाताऱ्याचं आयुष्य वाट बघण्यात गेलं त्याचं काही नाही, पेटीत पुरून ठेवता आणि मिरवता, असं तो काय काय बोलत सुटला. मांजर उठून फळीच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

वखारवालीने त्याचं होईपर्यंत वाट पाहिली. "जोडीतलं एक तुला दिलं," ती म्हणाली, "तर उरलेल्याला विश्रांती कुठली? येत्या मोसमाला टिकेल. त्याच्या पुढच्याला कदाचित. मग तुझ्या घरासारखीच माझ्याकडेही मुकी वस्तू. चार घरं या करवतीवर जेवतात."

भडका भांडणात हरला की निघून जायचा. आताही निघाला. फडक्यातला तुकडा पिशवीत कोंबला आणि दाराकडे वळला. तेवढ्यात बाहेरची करवत थांबली. वखारवालीने पुढे होऊन इंजिन बंद केलं. ती पुटपुट हळू झाली, तुटक झाली आणि संपली. खोलीत अशी शांतता पसरली की भडक्याचा हात दारावरच राहिला. कुणीतरी बोलता बोलता गेलं असं वाटलं त्याला. आणि हेच तो बसमध्ये सगळ्या वाटेत मागत होता.

"इंजिनं बांधतोस म्हणालास ना?" मागून वखारवाली म्हणाली. "दरवेळी माझा पुतण्या येतो. त्याचा हात मोडलाय. लाव हात."

त्याने पिशवी खाली ठेवली.

इंजिन गार व्हायला वेळ लागला. तेवढ्या वेळात तिने त्याच्याकडून इंजिनातलं पाणी काढून घेतलं, हेडाखाली अंथरायची तांब्याची गॅस्केट तपासून घेतली. मग त्याच्या हातात पाना दिला. तो पाना बघून भडका चक्रावला. दांडा जेमतेम तळव्याएवढा. मोडला नव्हता, मुद्दाम कापलेला होता, आणि कापलेलं टोक वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. सासूनेच कापला होता म्हणे, म्हणजे कुणालाही, कितीही जोर आला तरी, नट गरजेपेक्षा जास्त आवळता येऊ नये. भडक्याचे कान लाल झाले. वखारवालीने ते पाहिलं. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, पण काय ते दोघांना कळलं.

जुनं हेड सुटलं. खाली पिस्टनांची डोकी, काळी, सावरून बसलेली. घरच्या इंजिनात ती घासून चकचकीत केलेली होती, ही काम करून करून मुरलेली. भडका त्यांच्याकडे बघत राहिला. मग पेटीतलं हेड दोघांनी उचलून बसवलं आणि नट आवळायला सुरुवात झाली. मधला, त्याच्या समोरचा, मग बाजूचा. एक फेरी झाली की वखारवाली म्हणायची, बस, आता फळ्या रचायला चल. भडका म्हणायचा, अजून ढिलं आहे. ती म्हणायची, त्याला बसू दे, तोवर आपण बसायचं नाही. मग फळ्या रचायच्या, मग परत येऊन एक फेरी, पुन्हा थोडंसंच, पुन्हा भुसा भरायला बाहेर. सुरुवातीला भडक्याचे तळवे नुसते वळवळत होते. पण तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्याला जाणवलं, आधी दगडासारखा घट्ट वाटलेला नट आता आपण होऊन जरासा पुढे येतोय. हेड बसत होतं. कुणी ढकलल्याशिवाय, स्वतःच्या मनाने, केसाएवढं, केसाएवढं. बीड इतकं सावकाश हलतं आणि ते हाताला कळतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि तो तेव्हा भांडत असेल.

पाणी भरलं. वखारवालीने हँडल त्याच्याकडे दिलं. "घे. तू बांधलंयस, तूच उठव."

त्याने हँडल लावलं आणि ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. इंजिन एकदा खोकलं. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा हँडल हातातून अलगद सुटलं, जसं कुणी 'राहू दे, मी बघतो' म्हणून काढून घ्यावं, आणि पुटपुट सुरू झाली. आता ती त्याच्या हातांतून गेलेली होती. भुशाचं पीठ पुन्हा नटांभोवती वलयं काढायला लागलं. भडक्याने डोळे पुसले आणि भुशाला शिवी दिली.

उतरवलेलं हेड फडक्यावर पडलं होतं. तो त्याच्याशेजारी बसून काजळी खरवडायला लागला. खरवडता खरवडता तो थांबला.

"काकू, हे आता पेटीत पडून राहणार ना?"

"पडून नाही. विश्रांती घेणार."

"आमची गाडी फक्त सुट्टीच्या दिवशी फिरेल," भडका म्हणाला. इतक्या हळू तो कुणाशी बोलला नव्हता. "बाबा चालवतील. बस चालवलेला माणूस, चढ दिसला की वळसा घेऊन जाईल. ओंडका नाही, ओझं नाही. तुमच्या करवतीपुढे आमची गाडी म्हणजे याला माहेरच. काजळी ताई काढेल, सपाटी ती लेथवर तपासेल, तुमच्यापेक्षा खडूस आहे ती. पुढच्या मोसमाला मी हे घेऊन येतो, इथे बसवतो आणि दमलेलं घेऊन जातो. जोडी तुटत नाही. फक्त पेटीच्या जागी आमची गाडी."

वखारवालीने कानामागचा खडू काढला, बोटांत फिरवला, परत ठेवला. बाहेर ट्रकवर फळ्या चढत होत्या. शहराकडे जाणारा हाच शेवटचा ट्रक, ड्रायव्हर घाई करत होता.

"पेटीत पडून थोडं गंजतंही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग त्याच्याकडे सरळ बघून: "पण घर बघितल्याशिवाय मी पाठवत नाही. फोन लाव बापाला."

भडक्याने फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. बाबांनी उचलला. काय सांगायचं ते भडक्याने ठरवलं होतं, म्हणजे वखारीपासून सुरुवात करायची, मग पेटी, मग अट. तो म्हणाला, "बाबा, ऐका, मी," आणि बाबा म्हणाले, "थांब. बोलू नकोस."

भडक्याने फोन इंजिनाजवळ नेला. पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येईना. ओंडक्यांच्या बैठकीवर ते आपलं पुटपुटत होतं, सावकाश, एकसारखं, आणि लांबवर एका खोलीत एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकत होता. मग फोनमधून आईचा आवाज आला, स्वयंपाकघरातून असावा, कुणाचा फोन आहे म्हणून विचारत होती.

"गाडीचा," बाबा म्हणाले.

वखारवालीने फोनकडे पाहिलं, मग भडक्याकडे. ती वाकली, खरवडलेलं हेड तेलाच्या फडक्यात गुंडाळलं, दोन्ही हातांनी छातीशी धरून उचललं आणि बाहेर ट्रककडे घेऊन गेली. ड्रायव्हरला ती दटावत होती की हे फळ्यांवर नाही, मांडीवर ठेवायचं.

ट्रकचा हॉर्न वाजला.

"जरा तसाच धर रे," फोनमधून बाबा म्हणाले. "अजून थोडा वेळ."

"नाही बाबा. ट्रक सुटतोय. मला निघायला हवं आता."